मळ्यात भरलेला इतिहासाचा तास

प्रश्न: "हडपसरजवळच्या एका शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते. शाळेला लागूनच एका कुटुंबाचा जुना मळा आहे. विहीर, बैलांनी पाणी ओढायच्या मोटेची धाव आणि ते पाणी पडायचं दगडी थारोळं अजून शाबूत आहे. मुलांना तिथे नेऊन परिसराचा इतिहास शिकवावा आणि त्यातून सामाजिक न्यायाबद्दलही बोलावं, असं मनात आहे. पण जातीचा विषय निघाला की वर्ग अवघडतो. शिवाय मळेवाले नाराज होतील अशीही भीती वाटते. सुरुवात कुठून करू?"

ताई, तुम्ही ज्या पट्ट्यात शिकवता तिथे या विषयासाठी नवीन काही उभारावं लागत नाही. हडपसर, मुंढवा, मांजरी, लोणी हा सगळा पुण्याला भाजी पुरवणाऱ्या मळ्यांचा भाग. 'मांजरी गोटा' या वांग्याच्या वाणात ते गाव अजून बाजारात टिकून आहे. त्याच मांजरीला जोतीराव फुल्यांची शेती होती. हडपसरच्या ससाणे मळ्यात १८९७ च्या प्लेगात त्यांचा मुलगा डॉ. यशवंतराव यांचा दवाखाना होता. एवढं सगळं मुलांच्या सायकलच्या अंतरावर आहे. तरीही सुरुवात फुल्यांपासून करू नका, असंच मी सांगेन. मोठं नाव आधी आलं की मुलं हात जोडतात, आणि हात जोडलेलं मूल प्रश्न विचारत नाही. सुरुवात विहिरीपासून करा. फुले वाटेत भेटतीलच. तेव्हा मुलांकडे त्यांना विचारायला काहीतरी असेल.

'सामाजिक न्याय' हा शब्द पहिले काही तास फळ्यावर लिहूच नका. सातवीतल्या मुलाला तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला शब्द वाटतो, आणि तो ऐकला की काय उत्तर द्यायचं हेही त्याला पाठ असतं. त्याऐवजी तीन साधे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा: ही जमीन कुणाच्या नावावर होती? इथे राबलं कोण? पाणी कुणाला मिळालं? बाकी सगळं या तिन्हींच्या आत येतं.

पहिल्या भेटीत मोट घ्या. मोट आता नसेल, पण धाव आणि थारोळं आहे म्हणता, तेवढं पुरे. विहिरीच्या काठावरचे दगड नीट पाहायला लावा. दोर घासून पडलेल्या खाचा बहुतेक ठिकाणी दिसतात. मुलांना त्यात बोट घालू द्या. मग मोट चालायची कशी ते घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐका. बैल धावेवरून उताराला जाणार, जाड नाडा ताणला जाणार, भरलेली मोट वर येणार, बारीक सोल ढिली पडली की मोटेची सोंड थारोळ्यात रिकामी होणार, पाणी पाटाने वाफ्यात जाणार. ज्याने मोट हाकली आहे असा माणूस सांगताना हाताने ती हाकून दाखवतो, बैलांना घातलेली साद काढून दाखवतो. मुलं हे विसरत नाहीत.

आता कामाला लावा. मोटेच्या एकेका भागापुढे तो कुणी बनवला ते लिहायचं. लाकडी चाक सुताराचं. लोखंडी कडं लोहाराचं. नाडा आणि सोल वळायचे ते मांग. मोट कातड्याची, मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम महारांवर लादलेलं, कातडं कमावणारे ढोर, शिवणारे चांभार. हाकणारा घरचा, नाहीतर सालगडी. वाफ्यात पाणी वळवणारी आणि खुरपणारी बहुतेक वेळा बाई. एका मोटेभोवती अर्धं गाव उभं राहतं आणि वहीत त्याचं चित्रही निघतं.

चित्र पुरं झालं की एकच प्रश्न विचारा: यातल्या कुणाकुणाला या विहिरीवर येऊन आपल्या घरासाठी पाणी भरता येत होतं?

इथे वर्ग गप्प होतो. होऊ द्या, लगेच भाषण करू नका. कातड्याच्या मोटेतून आलेलं पाणी साऱ्या मळ्याला चाललं, देवघरात गेलं. ते कातडं कमावणाऱ्याचा हात मात्र विहिरीच्या काठाला चालला नाही. यातली विसंगती बारा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही, ती त्याला आपोआप टोचते. "मग मोट बाटत नव्हती का?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. तो विचारला गेला की तुमचं निम्मं काम झालं. त्यानंतर १८६८ सांगा, म्हणजे फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला ते वर्ष. मग १९२३ चा मुंबई कायदेमंडळातला सी. के. बोले यांचा ठराव: सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा सगळ्यांना खुल्या. आणि मग २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं. ठराव होऊनही चार वर्षांनी पाणी पिण्यासाठी सत्याग्रह का करावा लागला, याचं उत्तर मुलांनाच शोधू द्या. ही तीन सालं पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर येतात. विहिरीच्या काठावर ती एका ओळीत बसतात.

अवघडलेपणाबद्दल तुम्ही विचारलं आहे, म्हणून इथेच थांबून काही गोष्टी सांगते. यावर माझा आग्रह आहे.

कुठल्याही मुलाला वर्गात त्याची जात विचारायची नाही, आडनावावरून सुचवायचीही नाही. "तुमच्या घरी पूर्वी काय काम करायचे?" हा प्रश्नसुद्धा सगळ्यांसमोर नको. वर्गात मळेवाल्यांची नात बसलेली असते आणि त्यांच्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरातलं मूलही असतं. दोघांपैकी कुणीही पुरावा म्हणून उभं राहता कामा नये, एकानं लाजेनं आणि दुसऱ्यानं अपमानानं. मुलाला स्वतःहून बोलायचं असेल तर ते बोलेल, आणि तेव्हा बाकीच्यांना शांतपणे ऐकायची सवय तुम्ही लावलेली असली पाहिजे.

अस्पृश्यतेचं नाट्यीकरण कधीही करू नका. "तू पाटील हो, तू महार हो, तू याला पाणी नाकार" असले प्रयोग हौसेने केले जातात. ज्या मुलाच्या घरात ही आठवण जिवंत आहे त्याला ती जखम पुन्हा एकदा भोगावी लागते, आणि बाकीच्यांना तो खेळ वाटतो. जातींची नावं घ्यावी लागतील तिथे ती कामाच्या आणि नियमाच्या संदर्भात, सरळ आणि गंभीर सुरात घ्या. नियम कुणी केला, त्याचा फायदा कुणाला झाला, तो मोडला कसा, यावर बोला. माणसं मुळात अशी-तशी होती यावर नको. आवाज खाली आणून, कुजबुजत जातीबद्दल बोलणारा शिक्षक मुलांना नकळत शिकवतो की यात काही लाजिरवाणं आहे. लाज ज्यांनी नियम केला त्यांच्या बाजूची. हे तुमच्या सुरातून कळलं पाहिजे.

दुसरी भेट कागदांची. सातबारा हे मराठी मुलुखातलं इतिहासाचं फार मोठं साधन आहे आणि शाळेत ते कुणी उघडत नाही. आजचा उतारा ऑनलाइन मिळतो. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, तलाठी किंवा तहसील कार्यालयात मिळतात. पण आधी मळेवाल्यांची परवानगी घ्या. उतारा कुणालाही मिळू शकतो हे खरं, तरी 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, भावकीचा दावा असतो. कुणाच्या घरचं कर्ज वर्गात वाचलं जाऊ नये. नावं झाकून प्रत काढा, किंवा बराच जुना फेरफार निवडा.

मुलांना आधी गणित द्या. हेक्टर-आरचे एकर-गुंठे करायला लावा, ४० गुंठ्यांचा एकर. मग पिकांचा रकाना वाचायला सांगा: कुठल्या साली ज्वारी, कुठल्या साली ऊस, पाण्याचं साधन विहीर की कालवा. मग नावांकडे या. जुन्या फेरफारांत कुळांची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची, नावं सापडतात. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन इथे शिकवा. कसणारं कूळ त्या तारखेला कायद्याने जमिनीचा मालक ठरलं. मग विचारा, ज्या कुळाचं नाव कागदावर कधी लागलंच नव्हतं त्याचं काय झालं? आणि जो कूळही नव्हता, नुसता मजूर होता, त्याचं?

गावात महार वतनाची जमीन होती का तेही पाहा. जुन्या कागदांत ती 'इनाम वर्ग ६ ब' अशी येते. त्या जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यात सरकारी टपाल पोचवणं, वसुलीच्या वेळी हजर राहणं, गावाची सीमा सांगणं, मयताची खबर परगावी नेणं अशी दिवसरात्रीची कामं करावी लागत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. वतनं कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने. तीस वर्षं. मुलांना हा काळ मोजायला लावा. विधेयक आलं तेव्हा जन्मलेलं मूल कायदा झाला तेव्हा किती वर्षांचं होतं, असा. न्याय मिळतो तोही किती उशिरा मिळतो, याचा अंदाज सालावळ्या पाठ करून येत नाही.

आणि बायकांची नावं. जुन्या उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात बाईचं नाव शोधायला सांगा. बहुतेक ठिकाणी ती विधवा म्हणून किंवा अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून येते. बहिणींची नावं 'इतर अधिकारा'त ढकललेली दिसतात आणि पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्राने नाहीशी होतात. इथे मुली जाग्या होतात. एखादी घरी जाऊन आत्याबद्दल विचारते आणि दुसऱ्या दिवशी पालकांचा फोन येतो. त्या फोनची तयारी ठेवा. "कायदा काय आहे तेवढं मी शिकवलं, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे," एवढं शांतपणे सांगा. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली, हेही सांगा. मुलांना अन्यायाच्या जोडीला तो दुरुस्त करणारी माणसंही दिसली पाहिजेत, आणि ती आपल्यासारखीच, शेतकरी घरांतली दिसली पाहिजेत.

आता कालवा आणि फुले. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, ज्याला तेव्हा लेक फाइफ म्हणत. मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी हडपसर-मांजरीकडे आलं. पाणी आलं, पण पाणीपट्टीचा आणि सरकारी खात्याचा धसका घेतलेले शेतकरी ते घ्यायला बिचकत होते. फुल्यांनी मांजरीला त्या पाण्यावर शेती करून दाखवली. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना पाणीखात्यावर त्यांनी जे कोरडे ओढले, ते असे बांधावर उभं राहून आलेले आहेत. पट्टी वसूल होते पण पाणी वेळेवर मिळेल याची हमी नाही, ही त्यांची तक्रार. उपायही ते नेमके सांगतात: प्रत्येकाला त्याच्या जमिनीच्या मानाने तोटी बसवून मोजून पाणी द्या, ताली-बांध घालून पावसाचं पाणी शेतात मुरवा, पाणाड्यांकडून, म्हणजे जमिनीखालचं पाणी ओळखणाऱ्यांकडून, पाण्याच्या जागा शोधून घ्या.

हे नुसतं सांगू नका. मळ्यातला एखादा पाट मोकळा असेल तर त्याच्यावर वर्ग ओळीने उभा करा, वरच्या टोकापासून टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटापर्यंत. वरून दोन-चार बादल्या पाणी सोडा आणि प्रत्येकाला हवं तेवढं घेऊ द्या. टेलच्या मुलांपर्यंत चिखल पोचतो. भांडण होतंच. मग सांगा, आता नियम तुम्ही करा. कुणी म्हणतं सगळ्यांना समान, कुणी जमिनीप्रमाणे, कुणी आधी टेलला. प्रत्येक नियम चालवून पाहा. एखादं मूल विचारेल, "ज्याला जमीनच नाही त्याला पाणी का नाही?" कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. मग दिवे घाट चढून पलीकडे न्या. प्रत्यक्ष नाही जमलं तर नकाशावर. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. थोड्या वेळापूर्वी पाटावर भांडलेल्या मुलांना हे नियम कळायला वेळ लागत नाही. "ऊस का नाही?" यावर ती तासभर बोलतात. शेजारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असलेल्या गावात तर बोलायलाच हवं.

फुल्यांची एक गोष्ट तुमच्या मुख्याध्यापकांना जरूर दाखवा. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं तेव्हा स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी करून दिली. त्यात त्यांनी मागितलं आहे की प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान द्यावं, आणि शाळेला जोडून एक लहानशी नमुना शेती असावी, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल. नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे शिक्षक त्यांना हवे होते. शाळेत शेतीला वेळ कसा द्यायचा, अभ्यासक्रमात कुठे बसतं, असं कुणी विचारलं तर हे निवेदन पुढे ठेवा. आणि मुलांनी "फुल्यांच्या शेतात मजूर होते का, त्यांना काय मिळायचं?" असं विचारलं तर त्यांना गप्प करू नका. तीन प्रश्न सगळ्यांना लागू आहेत, फुल्यांनाही. ज्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले त्यांचा यात अपमान नाही.

दुष्काळाचा तास वर्गात घेता येतो. त्यासाठी तराजू आणि ज्वारी लागते. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारने रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यांना पाहणीला धाडलं. त्यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली: दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. मुलांना तेवढी ज्वारी तोलू द्या. तिच्या पाचेक भाकरी होतात, त्यासुद्धा पीठ वाया न घालवता. त्यावर दिवसभर खडी फोडायची. त्यावर संप झाला. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. याच वर्षी २० एप्रिलला सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाची आणि सत्यशोधकांच्या मदतकार्याची हकिगत आहे. नंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला तो १९७७ मध्ये, संपानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तोही आपोआप आला नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या संघटनांनी तो मागून घेतला. त्या कामांवर गेलेल्या आज्या तुमच्या मुलांच्या घरात अजून आहेत. त्यांना बोलवा.

बोलवा, पण फुकट नाही. मजुरीला जाणाऱ्या बाईला "शाळेत येऊन मुलांना चार गोष्टी सांगा" म्हणून तिचा दिवस मोडायला लावायचा आणि हातात गुलाबाचं फूल द्यायचं, हे आपल्या शाळांत सर्रास होतं. न्यायाचा धडा असा सुरू करू नये. त्या दिवसाची मजुरी द्या, चालू दराने, बरोबरच्या पुरुष वक्त्याला द्याल तेवढीच. शाळेकडे पैसे नसतील तर त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या घरी, तीन-चार मुलांना घेऊन जा. प्रश्न आधी द्या. खुरपणीला किती वाजता निघायच्या, तान्हं मूल कुठे ठेवायच्या, जेवण आणि पाणी कुठलं, पाणी कोण ओतायचं. 'कोण ओतायचं' या प्रश्नावर काही बायका थांबतात. मुलांना आधी सांगून ठेवा, की अशा वेळी रेकॉर्डिंग बंद करून नुसतं बसायचं.

ससाण्यांच्या मळ्याची गोष्ट मी शेवटच्या टप्प्यात ठेवते, कारण तोवर मुलांना तो परिसर डोळ्यांसमोर आणता येतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून गावाबाहेर, हडपसरच्या ससाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग आजारी असल्याचं कळल्यावर त्या तिकडे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. नकाशावर मुंढवा ते हडपसर रेघ मारायला सांगा. आज तिच्या वाटेवर मगरपट्टा सिटी येते. मुलं तिथून रोज जातात.

मगरपट्टा हाही इतिहासच आहे, आणि तुमच्या शाळेत तो टाळता येणार नाही. २००० च्या सुमारास तिथल्या शंभरहून जास्त शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, ती बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी स्वतःच शहर उभारलं आणि जमिनीच्या प्रमाणात हिस्सेदार झाले. जमीन गेलेला शेतकरी देशोधडीला लागतो या नेहमीच्या गोष्टीपेक्षा ही वेगळी, आणि मला ती मोलाची वाटते. मुलांना ती अभिमानाने सांगा. मग वहीचं पहिलं पान उघडा. नावावर जमीन होती त्यांना हिस्सा मिळाला. त्या मळ्यांत खुरपायला आणि फुलं तोडायला येणाऱ्या बायकांच्या नावावर काय होतं? मुलं याचं उत्तर देताना दोन गट करतात आणि दोन्हीकडून चांगलं बोलतात. तुम्ही निकाल देऊ नका.

आता मळेवाल्यांबद्दल. मुलांना नेण्याआधी तुम्ही एकट्या जा, चहा घ्या, घरातल्या सगळ्यात वयस्क बाईशी बोला आणि तुमचे तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांना दाखवा. काहीही लपवून नेऊ नका. नंतर कळलं तर मळाही जातो आणि विश्वासही. बहुतेक घरं स्वतःहून सांगतात: "आमच्याकडे अमुक सालगडी होता, तीस वर्षं, त्याच्यामुळे हा मळा उभा राहिला." ते नाव लिहून घ्या. त्याचं कुटुंब कुठे आहे ते विचारा, त्यांच्याकडेही जा, आणि तेवढाच वेळ द्या. एकाच घराच्या आठवणीवर मळ्याचा इतिहास लिहू नका. दोन्हीकडच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, समोरासमोरच्या पानांवर. एखाद्या घराने नाहीच म्हटलं तर वाद घालू नका. कालवा, सार्वजनिक विहीर, पांदण, गावची वेस, यांवरही हे सगळं शिकवता येतं.

मुलांकडून शेवटी काय करून घ्यायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण पालक विचारतील. तक्ते आणि प्रदर्शन करा, त्याला हरकत नाही. मळ्याचा एक मोठा नकाशा करा, त्यात मालकांच्या नावांबरोबर मोट शिवणाऱ्यांची, सालगड्यांची, खुरपणाऱ्या बायकांची नावं त्यांच्या परवानगीने लिहा आणि एक प्रत मळेवाल्यांना, एक त्या कुटुंबांना द्या.

याशिवाय आजच्या पाण्याचं एक काम करून घ्याच. जुन्या मुठा कालव्यात, ज्याला तुमच्याकडे बेबी कालवा म्हणतात, मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसून देणाऱ्या विहिरीतून, शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात आणि ते हवेली-दौंडच्या शेतीला जातं. धरणाचं स्वच्छ पाणी शहराला, शहराने वापरलेलं पाणी शेताला, अशी ती वाटणी. त्या पाण्याच्या वासाबद्दल आणि फेसाबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत. मुलांना कालव्यात उतरू देऊ नका; काठावरून निरीक्षण, तारीख, वेळ, रंग, वास एवढं टिपू द्या, टेलच्या दोन शेतकऱ्यांशी बोलू द्या. मग जलसंपदा विभागाला आणि महापालिकेला वर्गाच्या नावाने पत्र लिहू द्या: हे पाणी कधी तपासलं जातं, अहवाल कुठे पाहायला मिळेल? पत्राची भाषा मुलांची ठेवा, जावक क्रमांक शाळेचा घाला, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर पालकांपैकी कुणीतरी माहिती अधिकारात तोच प्रश्न विचारावा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. अर्ज लिहिताना मुलांना शेजारी बसवा.